दोघांना जन्मठेप, दोघं सुटले. गाव फाशी मागायलंय, पण आता करायचं काय?

गोदाकाठचा_पोरगा (जि. बीड)

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहायलोय, पण वाचा अन् ज्याला कायद्यातलं कळतंय त्यानं नीट सांगा.

आमच्या गावातल्या एका पोराच्या खुनाच्या केसचा निकाल मागच्या आठवड्यात लागला. गावाचं अन् माणसांची नावं मुद्दाम देत नाही. वाद बांधाचा. मोजणी होऊन खुणा रोवल्या होत्या तरी दर पेरणीला नांगर बांधात घुसायचाच, त्यावरून शिवीगाळ, त्यावरून पोलिसात एनसी म्हणजे अदखलपात्र तक्रार, असं चालत चालत २०१९ मध्ये एका संध्याकाळी फाट्यावर चौघांनी त्याला गाठलं अन् काठ्या कुऱ्हाडीनं मारलं. माझ्या वर्गातला पोरगा. डेअरीला दूध घालून घरी निघाला होता, रिकामी कॅन गाडीला तशीच अडकवलेली.

आता सत्र न्यायालयानं दोघांना ३०२ म्हणजे खुनाच्या कलमात जन्मठेप दिली अन् बाकी दोघांना संशयाचा फायदा देऊन सोडलं. सुटले त्याच रात्री त्यांच्या भावकीनं गावात हलगी लावली, गुलाल उधळला, अन् मिरवणूक नेली कुठून तर मयताच्या घरासमोरून. काकू म्हणजे त्याची आई दार लावून आत बसल्या होत्या, आम्ही दोघं तिघं पोरं ओट्यावर. कुणीतरी दगड उचलला असता तर त्या रात्री अजून एक मुडदा पडला असता एवढं खरं.

तेव्हापासून गाव पेटलंय. सगळ्यांच्या स्टेटसला फाशीच्या दोरीचे फोटो, कोर्ट विकलं गेलं म्हणायलेत, जज साहेबांबद्दल पण काहीबाही लिहायलेत. सोमवारी गाव बंद अन् हायवेवर रास्ता रोको ठरलाय. अन् दुसरीकडं फाट्यावरच्या चहाच्या टपरीवाल्याच्या मागं लागलेत, कारण त्यानं पोलिसांना चौघांची नावं सांगितली होती अन् कोर्टात उभा राहिल्यावर म्हणला अंधार होता, तोंडं दिसली नाहीत. परवा रात्री त्याच्या टपरीचा पत्रा वाकवून आतलं सामान रस्त्यावर फेकलं कुणीतरी.

राग मला पण आहे. पण काकू मला जे विचारायल्यात त्याचं उत्तर स्टेटस टाकणाऱ्या एकाकडं पण नाही. जन्मठेप म्हणजे ते चौदा वर्षांनी घरी येणार का? आपण वर जाऊन फाशी मागू शकतो का? सुटले त्यांच्या विरोधात काही होतं का, का आता त्यांनी गावात छाती काढून फिरायचं अन् आम्ही बघत बसायचं? सरकारी वकिलांना फोन केला तर म्हणले आधी निकालाची कॉपी येऊ द्या. तोवर काय करायचं ते सांगा.

———

रोखठोक_जालना

भाऊ वाचून रक्त खवळलं. त्या माउलीच्या दारावरून गुलाल? हे माणसं म्हणायचे का? मी तर म्हणतो जन्मठेप बिन्मठेप काहून देतात हेच कळत नाही, एका पोराला चौघं मिळून कुऱ्हाडीनं मारतात यापेक्षा वाईट काय असतंय अजून. सहा सहा वर्ष कोर्टात चपला झिजवायच्या अन् शेवटी निम्मे निर्दोष. हैदराबादला २०१९ मध्येच पोलिसांनी बलात्कार अन् खुनाच्या केसमधल्या चौघांना चकमकीत मारून आठ दहा दिवसात विषय संपवला, लोकांनी पोलिसांवर फुलं टाकली, काहून टाकली? कारण लोकांचा कोर्टावरचा विश्वास उडालाय. सोमवारचा रास्ता रोको जोरात करा, आम्ही जालन्यावरून येतो.

———

खंडपीठ_वकील (छ. संभाजीनगर)

मी हायकोर्टाच्या खंडपीठात फौजदारी अपिलं चालवतो. निकालपत्र वाचल्याशिवाय तुमच्या केसवर ठाम बोलता येणार नाही, पण काकूंच्या प्रश्नांची उत्तरं देता येतील.

चौदा वर्षांचं आधी सांगतो कारण हा गैरसमज घरोघरी आहे. जन्मठेप म्हणजे कायद्यानं मरेपर्यंत. चौदा वर्षं ही सुटकेची तारीख नाही. ज्या गुन्ह्याला फाशी होऊ शकते त्यात जन्मठेप झाली असेल तर शिक्षेत सूट द्यायचा विचारसुद्धा चौदा वर्षं प्रत्यक्ष आत काढल्याशिवाय सरकारला करता येत नाही, हे जुन्या सीआरपीसीच्या म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४३३अ मध्ये होतं, तिच्या जागी आलेल्या नव्या कायद्यात ४७५ मध्ये आहे. त्यानंतरही तो कैद्याचा हक्क नाही. ज्या कोर्टानं शिक्षा दिली तिथल्या न्यायाधीशांचं मत, पोलिसांचा अहवाल, जेलमधली वागणूक, सगळं बघून सरकार ठरवतं, आणि चुकीचं ठरवलं तर ते उलटवता येतं. बिल्किस बानो प्रकरणात गुजरात सरकारनं जन्मठेपेच्या ११ कैद्यांना मुदतीआधी सोडलं, तर सुप्रीम कोर्टानं ८ जानेवारी २०२४ ला ती सुटका रद्द करून त्यांना परत जेलमध्ये पाठवलं. तेव्हा काकूंना सांगा, चौदा वर्षांनी आपोआप कुणी घरी येत नसतं, आणि ती वेळ आलीच तर त्यांनी गप्प बसायचं नाही, लेखी हरकत घ्यायची.

फाशीचं. बच्चन सिंग प्रकरणात १९८० साली सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं ठरवून दिलं की खुनाला जन्मठेप हा नियम आणि फाशी हा अपवाद, तीसुद्धा दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणात. गुन्हा किती क्रूर एवढंच बघत नाहीत, आरोपी सुधारण्याची शक्यता पूर्ण संपली आहे का हेही बघावं लागतं, आणि २०२२ च्या मनोज विरुद्ध मध्य प्रदेश निकालानंतर तर त्यासाठी जेलमधला अहवाल, मानसिक स्थितीचा अहवाल असं सगळं मागवावं लागतं. कोलकात्याच्या आर. जी. कर हॉस्पिटलमधल्या डॉक्टरच्या बलात्कार आणि खुनाचं प्रकरण आठवा. अख्खा देश रस्त्यावर होता, तरी २० जानेवारी २०२५ ला सियालदहच्या कोर्टानं मरेपर्यंत जन्मठेपच दिली. आईवडिलांनी कोर्टानं सांगितलेली नुकसानभरपाई नाकारली, लोक चिडले, पण न्यायाधीशांना लोकांच्या चिडीवरून शिक्षा ठरवता येत नाही. बांधाच्या वादातल्या खुनात फाशी होणं फार फार अवघड, हे मी काकूंना तोंडावर सांगेन, खोटी आशा लावणार नाही.

आणि फाशी लागली म्हणजे संपलं असंही नसतं. हायकोर्टानं कायम केल्याशिवाय ती देता येत नाही, मग सुप्रीम कोर्ट, मग दयेचा अर्ज. लहान लेकरं पळवून मारणाऱ्या कोल्हापूरच्या गावित बहिणींना २००१ ला फाशी लागली, सुप्रीम कोर्टानं २००६ ला कायम केली, राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज २०१४ ला फेटाळला, आणि २०२२ च्या जानेवारीत मुंबई हायकोर्टानं ती जन्मठेपेवर आणली, का तर दयेच्या अर्जावर सरकारनं विनाकारण वर्षानुवर्षं घालवली म्हणून. ज्यांची लेकरं गेली त्यांनी वीस वर्षं पेपरातच वाचलं.

जालन्याच्या दादांना एवढंच, हैदराबादची ती चकमक खरी होती का हे बघायला सुप्रीम कोर्टानं न्या. सिरपूरकर आयोग नेमला होता. २०२२ मध्ये त्यांचा अहवाल आला, पोलिसांनी मारायच्या हेतूनंच गोळ्या घातल्या असं त्यात स्पष्ट आहे. त्या केसमध्ये खटलाच चालला नाही, त्यामुळे गुन्हा कुणी केला हे कोर्टात कधी सिद्धच झालं नाही. पुढच्या वेळी चुकीचा माणूस धरून आणला तर तुम्ही कुठं जाऊन विचारणार?

आता कामाचं. सुटलेल्या दोघांच्या विरोधात काकूंना स्वतः अपील करता येतं. २००९ च्या दुरुस्तीनंतर पीडिताच्या घरच्यांना हा हक्क मिळाला, जुनं कलम ३७२, नव्या कायद्यात ४१३. सरकारनं केलं तर उत्तम, पण सरकारची वाट बघत बसायची गरज नाही, आणि मल्लिकार्जुन कोडगली निकालात २०१८ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की पीडिताला त्यासाठी वेगळी परवानगी पण मागावी लागत नाही. शिक्षा वाढवून मागायचं अपील मात्र फक्त सरकार करू शकतं, घरच्यांना अपिलाचं ते दार नाही. तेव्हा सगळा जोर फाशीवर लावण्यापेक्षा सुटलेल्या दोघांवर लावा, तिथं काहीतरी हाताला लागू शकतं.

———

साक्षीदाराची_लेक (परभणी)

वकील साहेबांनी कायद्याचं सांगितलं, मी माझ्या बापाचं सांगते.

माझे वडील सालगडी होते. ज्यांनी खून केला त्यांच्याच भावकीतल्या एका घरी सालानं राहिलेले, उचल घेतलेली. ते त्या वेळी आखाड्यावर होते अन् त्यांनी डोळ्यानं बघितलं. पोलिसांनी जबाब घेतला, वडलांनी बघितलं ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी मालक घरी. ओरडला नाही, शिवी नाही, फक्त म्हणला आमची उचल उद्या संध्याकाळपर्यंत टाका. आईच्या अंगावरचं होतं नव्हतं ते मोडलं, मामानं काही दिलं, अन् पैसे फेकले. मग गावात कुणी कामाला बोलवायना झालं. दळण दळून देईना झालं. हे सगळं केस उभी राहायच्या आधी. केस उभी राहायला पुढं कितीतरी वर्षं गेली.

अन् तारखा. समन्स यायचं, वडील सकाळच्या एसटीनं जायचे, कोर्टात गेलं की कळायचं आज आरोपीचा वकील आला नाही, आज साहेब रजेवर आहेत, आज वेळ संपली. कोर्टाबाहेर एकच बाकडं. त्याच बाकड्यावर आरोपीची माणसं येऊन चिकटून बसायची. काका चहा घ्या, काका पोरीचं लग्न कधी काढायलात, काका तुम्हाला डोळ्याला कमी दिसतंय म्हणे आता. धमकी म्हणून तक्रार द्यावी असं एक वाक्य नाही त्यात, अन् वडील घरी येऊन रात्रभर झोपायचे नाहीत.

शेवटी साक्षीचा दिवस आला. उलटतपासणीत विचारायचे, तुम्ही किती फुटावर होता? वडलांना फूट कळत नाही, ते म्हणले दोन काकऱ्या पलीकडं. बाभळ तुमच्या डाव्या हाताला का उजव्या? तुम्ही आधी काठी बघितली का आवाज ऐकला? तुमची उचल कुणी फेडली, मयताच्या घरच्यांनी ना? दुपार उलटेपर्यंत एका अडाणी माणसाला उभं करून हे. पण माझा बाप हलला नाही. जे बघितलं तेच सांगितलं. शिक्षा लागली.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते सांगते. खून झाला तेव्हा मोर्च्याला ट्रॅक्टर भरभरून माणसं आली होती. तहसीलसमोर भाषणं झाली, फाशी द्या म्हणून घोषणा. माझ्या बापाच्या साक्षीच्या दिवशी त्याच्या सोबत कोर्टात एक माणूस होता. एक. आमच्या शाळेचे गुरुजी, ते रजा टाकून आले होते, अन् त्यांचं त्या केसशी काही नातं नव्हतं. मोर्च्यातलं कुणी नाही, भाषण करणारं कुणी नाही.

म्हणून दादा, मला तुमच्या त्या टपरीवाल्याचा राग येत नाही. त्याचं चुकलं, लै चुकलं, त्याच्यामुळं दोघं सुटले असतील. पण त्याच्या साक्षीच्या दिवशी तुमच्या गावातलं कोण त्याच्या शेजारी त्या बाकड्यावर बसलं होतं ते आधी मला सांगा. आम्ही तर शिक्षा लागूनही गावात राहू शकलो नाही. परभणीत भाड्यानं राहतो. वडील आता नाहीत.

———

रोखठोक_जालना

ताई तुमच्या वडलांना नमस्कार. खरंच.

पण वकील साहेब, मला हे पटत नाही की लोकांनी राग पण व्यक्त करायचा नाही. लोक रस्त्यावर आले नसते तर कितीतरी केसेस पोलीस ठाण्याच्या पायरीवरच मेल्या असत्या. मस्साजोगच्या सरपंचाच्या खुनाचंच बघा, २८ डिसेंबर २०२४ ला बीडला एवढा मोठा मोर्चा निघाला नसता तर तपास त्या वेगानं झाला असता का? मला नाही वाटत.

———

आष्टीकर

जालनेकर भाऊंचं अर्धं बरोबर आहे. मोर्च्यानं तपास हलतो, सरकार हलतं. पण कोर्टात मोर्चा साक्ष देत नाही.

आमचा आष्टी तालुका जामखेडला लागून, नगर जिल्ह्याच्या शिवेवर, त्यामुळं हे जवळून बघितलंय. कोपर्डीत १३ जुलै २०१६ ला त्या शाळकरी पोरीवर अत्याचार करून तिला मारलं त्यानंतर ९ ऑगस्टला आपल्या औरंगाबादपासून मूक मोर्चे सुरू झाले, कोपर्डीच्या आरोपींना फाशी ही पहिली मागणी होती. खटला नगरला चालला, उज्ज्वल निकम सरकारी वकील, अन् २९ नोव्हेंबर २०१७ ला तिघांना फाशी सुनावली. त्या दिवशी आमच्याकडं फोनवर फोन, पेढे वाटले लोकांनी, न्याय मिळाला म्हणून बायका रडल्या.

आता त्याच नगरच्या कोर्टातला, त्याच आठवड्यातला दुसरा निकाल. खर्डा, आमच्या इथून हाकेच्या अंतरावर. २०१४ च्या एप्रिलमध्ये शाळेत जाणाऱ्या एका दलित पोराला, मुलीशी बोलतो या संशयावरून, शाळेपासूनच मारत नेलं अन् झाडाला लटकवलं. ती केस उभी राहिली तर साक्षीदार एकामागून एक फितूर झाले अन् सगळे आरोपी सुटले. सगळे. तेव्हा पेढे नाहीत, फोन नाहीत, आंबेडकरी संघटनांचे लोक तेवढे ओरडले अन् बाकी जिल्हा कोपर्डीच्या निकालाची वाट बघत बसला होता. त्या पोराच्या बापाचं काय झालं असेल त्या आठवड्यात?

मी जातीवरून भांडायला आलो नाही, दोन्हीकडं आईबापाचं लेकरूच गेलं. पण मला त्या आठवड्यापासून एक दिसतं ते असं की एका पोरीच्या मागं अख्खा महाराष्ट्र उभा होता म्हणून तिच्या साक्षीदारांना बोट लावायची कुणाची हिंमत नव्हती, अन् एका पोराच्या साक्षीदारांच्या मागं त्यांचं स्वतःचं गाव पण नव्हतं. परभणीच्या ताई म्हणतात तेच. निकाल खालीच ठरलेला असतो, साक्षीदार घरातून निघतो त्या सकाळी.

अन् फाशीचं म्हणाल तर कोपर्डीत फाशी सुनावून सहा वर्षं होत आली तरी अंमलबजावणी नव्हती, अन् मुख्य आरोपीनं सप्टेंबर २०२३ मध्ये येरवड्यात गळफास घेतला. पेढे वाटणाऱ्या कितीजणांच्या ते लक्षात तरी आहे?

———

निवृत्त_ग्रामसेवक (लातूर)

मी नोकरीत असताना पंच म्हणून बऱ्याच पंचनाम्यांना गेलो. सरकारी माणूस सहसा फिरत नाही म्हणून बोलवतात. पण गोदाकाठच्या पोरा, निकालपत्र हातात आलं की आधी एक बघ, दोघं फक्त टपरीवाल्यामुळं सुटलेत का पंचांमुळं पण. बऱ्याच केसमध्ये काय होतं, कुऱ्हाड काढून दिली म्हणून पंचनामा असतो अन् पंच कोर्टात म्हणतो मला काही माहीत नाही, मी पोलीस ठाण्यात सही केली. मग ती कुऱ्हाड असून नसल्यासारखी. रक्ताचे नमुने वेळेत लॅबला गेले का, सील नीट होतं का, ते पण वाच.

नवा कायदा १ जुलै २०२४ पासून आला, त्यात झडती अन् जप्तीचं व्हिडिओ शूटिंग करावं लागतं, सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकवाल्यांनी घटनास्थळी यायचं ठरलंय. तुमचा गुन्हा २०१९ चा, तुम्हाला त्याचा उपयोग नाही. पण इथं वाचणाऱ्या बाकीच्यांनी ध्यानात ठेवा, गावात असं काही घडलं अन् पोलीस पंच म्हणून बोलवायला आले तर मागच्या दारानं रानात पळू नका. सगळे पळतात, मी बघितलंय, अन् मग जो सापडेल त्याच्या सह्या घेतल्या जातात.

———

गोदाकाठचा_पोरगा

सगळ्यांचे आभार. ताई, तुमचं काल रात्री वाचलं अन् आज सकाळी गावातल्या चार पोरांना वाचून दाखवलं, बोललं नाही कुणी बराच वेळ.

तुम्ही विचारलं ते मी शोधलं. टपरीवाल्याच्या साक्षीच्या दिवशी गावातलं कोणीच गेलं नव्हतं. काकू एकट्या होत्या, त्या पण आतल्या बाजूला बसलेल्या. अन् आरोपीकडची दोन जीपभर माणसं होती. टपरीची जागा कुणाची, तर सुटलेल्यातल्या एकाच्या चुलत्याची. हे गावात सगळ्यांना माहीत होतं, पण त्यावर कुणी विचारच केला नव्हता.

रास्ता रोको रद्द करायचं म्हणलं तर अर्धे तयार, अर्धे म्हणायलेत मग आमचा राग कुठं काढायचा. त्यांना मी म्हणलं राग काढायचाच तर कलेक्टर अन् एसपी साहेबांना निवेदन देऊ, दोन मागण्या, सरकारनं सुटलेल्यांच्या विरोधात अपील करावं अन् मयताच्या घराला पोलीस संरक्षण द्यावं. त्या गुलालाची तक्रार पण देणार. सरपंच हो म्हणलेत.

वकील साहेब, दोन विचारतो. टपरीवाल्याला आता परत खरं सांगायला लावता येतं का? तो काल अंधारात येऊन काकूंच्या पाया पडून गेला. आणि अपिलाला पैसे लागतात ते काकूंकडं नाहीत, अडीच एकर कोरडवाहू आहे फक्त, त्याचं काय?

———

खंडपीठ_वकील

टपरीवाल्याचं आधी. निकाल लागल्यावर साक्षीदाराला परत उभं करणं फार दुर्मिळ, अपिलात जास्तीचा पुरावा घ्यायचा अधिकार हायकोर्टाला असतो पण तो सहज वापरत नाहीत. तो पाया पडला यावर काही बांधू नका. उलट त्याच्यावर दबाव टाकून कुणी काही लिहून घेतलं तर ते तुमच्याच अंगावर येईल, समोरचा वकील त्याचंच भांडवल करेल. पण एक लक्षात घ्या, साक्षीदार फितूर झाला म्हणून त्याची सगळी साक्ष वाया जात नाही. त्याचा जो भाग बाकीच्या पुराव्याशी जुळतो तो कोर्ट घेऊ शकतं. उदाहरणार्थ चौघंजण एका गाडीवरून उतरले एवढं जरी तो बोलला असेल आणि गाडीचा दुसरा पुरावा असेल, तर अपिलात त्यावर बोलता येतं. म्हणून त्याची साक्ष शब्द न शब्द वाचायला लागेल.

टपरीची मोडतोड झाली त्याची तक्रार त्याला द्यायला सांगा, आणि तुमच्यातलं कुणीतरी सोबत जा. पुढं कुणालाही साक्षीदार संरक्षण लागलं तर सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०१८ ला मंजूर केलेली योजना आहे, अर्ज जिल्हा पातळीवरच्या समितीकडं करायचा, तिचे प्रमुख जिल्हा न्यायाधीश असतात. नव्या कायद्यात कलम ३९८ नं प्रत्येक राज्याला अशी योजना करणं बंधनकारक केलंय. परभणीच्या ताईंच्या वडिलांच्या वेळी यातलं काही नव्हतं. आज कागदावर आहे, पण साक्षीदाराला ते कुणी सांगत नाही, म्हणून इथं लिहितो.

———

साक्षीदाराची_लेक

दादा त्या टपरीवाल्याच्या टपरीवर चहा प्यायला जा. चार पोरं घेऊन जा, दिवसाढवळ्या बसा. तुमच्या केससाठी म्हणत नाही मी. बघणारे सगळे बघतील, अन् पुढच्या वेळी कुणाला बोलायचं असंल तर त्याला हे आठवंल.

———

खंडपीठ_वकील

पैशाचं राहिलं होतं. काकूंना मोफत वकील मिळू शकतो. महिलांना विधी सेवा कायद्यात उत्पन्नाची अट नाही, त्यामुळे अडीच एकर असो की पंचवीस, हक्क आहे. बीडला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण जिल्हा कोर्टाच्या आवारातच आहे, तिथं अर्ज द्या, ते खंडपीठाच्या विधी सेवा समितीकडं पाठवतील. तिथंच पीडित नुकसानभरपाईचा पण अर्ज द्या, जुन्या ३५७अ ची योजना, आरोपींना झालेल्या दंडापेक्षा ती वेगळी असते आणि अपील चालू असतानाही मागता येते.

जाताना काय न्यायचं ते लिहून घ्या. निकालाच्या प्रमाणित प्रतीसाठी अर्ज आजच टाका, फोनवर वाट बघत बसू नका, अर्जाची पावती जपून ठेवा कारण प्रत मिळायला लागलेले दिवस मुदतीतून वगळतात. सोबत एफआयआरची प्रत, दोषारोपपत्र असेल तर ते, मृत्यूचा दाखला, काकूंचं आधार आणि रेशन कार्ड, बँक पासबुक, आणि काकू त्याची आई आहेत हे दाखवणारा एखादा कागद, शाळेचा दाखला चालेल. आणि शिक्षा झालेले दोघं पण अपील करतील, सोबत जामिनाचा अर्ज टाकतील. खुनाच्या जन्मठेपेत असा जामीन सहसा देत नाहीत, पण काकूंतर्फे वकील उभा असलेला बरा. त्यांचं अपील दाखल झालं की नंबर कळवा, कोर्टाच्या ईकोर्ट वेबसाइटवर शोधता येतो.

———

गोदाकाठचा_पोरगा

लिहून घेतलं सगळं. शाळेचा दाखला माझ्याच शाळेतून काढायचाय, हेडमास्तर ओळखीचे आहेत. कॉपीचा अर्ज टाकायला उद्या सकाळी काकूंना घेऊन निघतो, टपरीवाला पण सोबत येतो म्हणालाय पोलीस ठाण्यापर्यंत. कॉपी मिळाली की साक्षीचा भाग इथं नावं काढून टाकतो, ग्रामसेवक काका तुम्ही पंचनाम्याचं बघा.